बाल्कनीतला तेजोमेघ, हरवलेला अंधार

हिवाळा सुरू झाला की समाजमाध्यमांवर मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची छायाचित्रे दिसू लागतात. गुलाबी-लाल पाकळ्या उलगडाव्यात तसा पसरलेला वायू, मध्यभागी चार तेजस्वी तारे आणि कडेला धुरासारखे काळे पट्टे. काही वर्षांपूर्वीपर्यंत अशा चित्राखाली एखाद्या मोठ्या वेधशाळेचे किंवा हबल दुर्बिणीचे नाव असे. आता ‘घराच्या गच्चीवरून’ किंवा ‘बाल्कनीतून, दोन तासांत’ असे लिहिलेले असते, आणि ते खरेही असते.

२०२३ साली बाजारात आलेल्या सीस्टार एस-५० सारख्या ‘स्मार्ट’ दुर्बिणींनी ही क्रांती घरोघर नेली. ५० मिलिमीटरचे भिंग, अडीच किलो वजन, आतच कॅमेरा, मोटर आणि फिल्टर. मोबाइलवर तेजोमेघाचे नाव निवडायचे. दुर्बीण स्वतःच आकाश ओळखते, वळते, छायाचित्रे घेते आणि एकावर एक रचून दाखवते. ज्या कामासाठी पूर्वी गडद आकाशाचा गाव, जड स्टँड आणि कित्येक वर्षांचा सराव लागे, ते आता शहरी सोसायटीत होते. ही आनंदाचीच गोष्ट आहे.

पण या चित्रांमधून एक चुकीचा निष्कर्षही निघू लागला आहे. भर शहरातून तेजोमेघ इतका स्वच्छ टिपता येतो, तर प्रकाशप्रदूषणाचा एवढा बाऊ कशाला, असा प्रश्न विचारला जातो. याचे उत्तर खगोलशास्त्राइतकेच शरीरशास्त्रातही आहे. कॅमेऱ्याने शहराच्या उजेडावर जी मात केली, ती ठरावीक प्रकारच्या वस्तूंपुरती आणि एका फिल्टरच्या जोरावर. माणसाच्या डोळ्याला आणि झोपेला तसा फिल्टर लावता येत नाही.

तेजोमेघ चमकतो कसा?

मृगाच्या पोटातला बाण, म्हणजे एका ओळीतले तीन तारे, बहुतेकांना ओळखता येतात. त्यांच्या दक्षिणेला अंधुक ताऱ्यांची आणखी एक छोटी ओळ आहे. तिच्या मधला ‘तारा’ साध्या द्विनेत्रीतून पाहिला तर धुरकट दिसतो. हाच मृगातला तेजोमेघ, खगोलशास्त्राच्या यादीत एम-४२. अंतर सुमारे १,३५० प्रकाशवर्षे. तेथे आजही नवे तारे जन्मत आहेत.

हा उत्सर्जन तेजोमेघ आहे. तो ताऱ्यांचा प्रकाश नुसता परावर्तित करत नाही, तर स्वतः प्रकाश देतो. त्याच्या मध्यभागी असलेल्या अतितप्त, तरुण ताऱ्यांचे अतिनील किरण आसपासच्या हायड्रोजनच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. ते इलेक्ट्रॉन पुन्हा अणूत परतताना पायरी पायरीने खाली येतात आणि प्रत्येक पायरीला ठरावीक रंगाचा प्रकाश बाहेर पडतो. त्यातली सर्वांत महत्त्वाची पायरी ६५६.३ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद लाल प्रकाश देते. तिला हायड्रोजन-अल्फा म्हणतात. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन ५००.७ नॅनोमीटरला हिरवट-निळा प्रकाश देतो.

दुकानावरच्या निऑनच्या पाटीत वायू आपल्या ठरलेल्या रंगातच उजळतो, तसाच हा प्रकार आहे. सूर्यप्रकाशात सगळे रंग सलग असतात; तेजोमेघाचा दृश्य प्रकाश मुख्यतः मोजक्या बारीक रेषांमध्ये एकवटलेला असतो. १८६४ साली विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाचा वर्णपट पाहिला तेव्हा त्यांना या रेषा दिसल्या आणि तो ताऱ्यांचा पुंजका नसून वायू आहे हे सिद्ध झाले. त्यातली हिरवी रेषा कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्यही कल्पिले गेले. ती रेषा ऑक्सिजनचीच आहे हे आयरा बोवेन यांनी १९२७ मध्ये दाखवले. आज बाल्कनीतून जे छायाचित्रण चालते ते याच बारीक रेषांच्या आधारावर.

डोळ्याला लाल का दिसत नाही?

छायाचित्र पाहून हौसेने दुर्बीण घेणाऱ्याची पहिली निराशा ठरलेली असते. डोळा लावला की लाल पाकळ्या दिसत नाहीत. दिसतो तो राखाडी, फार तर हिरवट छटेचा धुरकट पंखा. दुर्बीण खराब नसते आणि छायाचित्रही खोटे नसते. फरक दृष्टिपटलाचा आहे.

दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या प्रकाशग्राही पेशी असतात. सुमारे ६० लाख शंकुपेशी रंग आणि बारकावे दाखवतात, पण त्यांना भरपूर उजेड लागतो. सुमारे १२ कोटी दंडपेशी अंधारात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. दंडपेशी साधारण ५०० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतात. ६५६ नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाला त्यांचा प्रतिसाद त्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. म्हणजे तेजोमेघाचा हिरवट ऑक्सिजन दंडपेशींना सोयीचा, आणि छायाचित्रात सर्वाधिक भरणारा लाल हायड्रोजन त्यांच्यासाठी जवळपास अदृश्य. शंकुपेशींना लाल कळते, पण एवढ्या मंद प्रकाशात त्या जाग्याच होत नाहीत.

मोठी दुर्बीण घेतली तर तेजोमेघ मोठा दिसतो, पण त्याच्या पृष्ठभागाची तेजस्विता नुसत्या डोळ्यांना दिसते त्याहून वाढत नाही. दुर्बीण ताऱ्यासारख्या बिंदूला उजळ करते. पसरलेल्या ढगाला नाही. म्हणून तेजोमेघ पाहण्यात दुर्बिणीच्या किमतीपेक्षा आकाशाचा काळेपणा आणि डोळ्याची तयारी यांना जास्त महत्त्व आहे.

ही तयारी म्हणजे अंधाराशी जुळवून घेणे. दंडपेशींमधले ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडात विघटित होते आणि अंधारात पुन्हा तयार होते. ही प्रक्रिया पूर्ण व्हायला अर्धा तास किंवा थोडा जास्त वेळ लागतो. मधेच मोबाइलचा पांढरा पडदा पाहिला तर बरीच मेहनत वाया जाते. आकाशनिरीक्षक मंद लाल दिवा वापरतात त्याचे कारण हेच. दंडपेशी त्या लाल प्रकाशाकडे फारसे लक्ष देत नाहीत. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यबिंदूवर दंडपेशी नसतात, त्यामुळे अंधुक वस्तूकडे थेट न पाहता किंचित बाजूला नजर ठेवली की ती अधिक उठून दिसते. जुने निरीक्षक नवख्याला ‘तिरक्या नजरेने बघ’ म्हणतात, ते शरीरशास्त्राला धरूनच असते.

वयाचाही वाटा आहे. विशीत अंधारात बाहुली सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. साठीच्या आसपास ती ५ मिलिमीटरच्या घरात येते. म्हणजे आत शिरणारा प्रकाश निम्म्यावर येतो. शिवाय नेत्रभिंग पिवळट होत जाते, मोतीबिंदूची सुरुवात झालेली असते. आजोबांना आणि नातवाला एकाच दुर्बिणीतून वेगळे दिसते ते यामुळे. मात्र काळोखात अर्धा तास थांबूनही एखाद्याला इतरांपेक्षा फारच कमी दिसत असेल, चालताना ठेच लागत असेल, तर त्याला ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये. रातांधळेपणामागे ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता, मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार असू शकतो. मधुमेहामुळे दृष्टिपटलावर लेझर उपचार झालेल्यांनाही रात्री कमी दिसते. नेत्रतपासणी हाच त्यावर मार्ग.

डॉक्टरची तबकडी ते संगणकाची रास

या तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेणारा माणूस वैद्यकाचा पदवीधर होता. हेन्री ड्रेपर यांनी वैद्यकीय शिक्षण घेऊन न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात काम केले, पुढे वैद्यकाचे अध्यापन केले आणि रात्री स्वतःच्या वेधशाळेत दुर्बिणीला छायाचित्रणाची तबकडी लावली. ३० सप्टेंबर १८८० रोजी त्यांनी ५१ मिनिटे प्रकाश साठवून मृगातला तेजोमेघ टिपला. तीनच वर्षांनी अँड्र्यू कॉमन या इंग्लंडमधल्या हौशी निरीक्षकाने घेतलेल्या छायाचित्रात डोळ्याला न दिसणारे तारेही उमटले. डोळा सेकंदाच्या लहानशा भागापुरताच प्रकाश साठवतो आणि पुढच्या क्षणी पाटी कोरी करतो. तबकडी तासभर साठवत राहते. हा मूलभूत फरक तेव्हाच स्पष्ट झाला.

आजचा हौशी छायाचित्रकार हेच तत्त्व वेगळ्या पद्धतीने वापरतो. एकच लांबलचक छायाचित्र घेण्याऐवजी दोन-तीन मिनिटांची शंभर छायाचित्रे घेतली जातात आणि संगणक त्यांची सरासरी काढतो. तेजोमेघ प्रत्येकात त्याच जागी असतो. कॅमेऱ्याचा यादृच्छिक गोंगाट मात्र दरवेळी वेगळा. शंभर चित्रांच्या सरासरीत हा गोंगाट सुमारे दहापट कमी होतो. एखादा उपग्रह किंवा विमान मधून गेले तर त्याची रेघही गाळता येते.

साध्या डीएसएलआर कॅमेऱ्याची एक अडचण असते. त्याच्या संवेदकावर बसवलेला फिल्टर त्वचेचे आणि कपड्यांचे रंग नैसर्गिक यावेत म्हणून गडद लाल प्रकाशाचा मोठा भाग अडवतो, आणि हायड्रोजन-अल्फा नेमका तिथेच येतो. म्हणून अनेक जण हा फिल्टर काढून घेतलेला कॅमेरा किंवा थंड ठेवता येणारा खास खगोल कॅमेरा वापरतात.

शहरातली खरी जादू मात्र अरुंद पट्ट्याच्या फिल्टरची आहे. हा फिल्टर हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या रेषांभोवती काही नॅनोमीटरचीच फट ठेवतो आणि बाकीचा दृश्य प्रकाश अडवतो. तेजोमेघाचा प्रकाश त्या फटीतच एकवटलेला असल्याने जवळपास पूर्ण आत येतो. रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असल्याने त्याचा अगदी थोडा अंश आत शिरतो. गजबजलेल्या बाजारात एकाच माणसाचा आवाज ऐकू यावा अशी ही किमया आहे.

हौशी साधनांची ताकद किती, याचे उदाहरण अलीकडचेच. मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि यान सेंटी यांच्या हौशी गटाने २०२२ मध्ये १०६ मिलिमीटरच्या दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेवर शंभराहून अधिक तास छायाचित्रण केले. ऑक्सिजनच्या फिल्टरमधून त्यांना दीर्घिकेच्या शेजारी मंद निळ्या वायूची प्रचंड कमान दिसली. आकाशातला सर्वाधिक छायाचित्रित भागांपैकी हा एक; तरीही ती कोणाच्या लक्षात आली नव्हती. २०२३ च्या जानेवारीत हा शोध संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाला.

फिल्टर कुठे हरतो?

इथपर्यंत कॅमेऱ्याचा विजय आहे. पण तो उत्सर्जन तेजोमेघांपुरता आहे, हे सहसा सांगितले जात नाही. दीर्घिका, तारकागुच्छ, आकाशगंगेचा पट्टा, ताऱ्यांचा प्रकाश परावर्तित करणारे निळे तेजोमेघ, धूमकेतूची धुळीची शेपटी, या साऱ्यांचा प्रकाश सूर्यप्रकाशासारखा सलग असतो. त्यांच्यासाठी फिल्टरला अशी फट ठेवता येत नाही. उजेड अडवला की वस्तूही अडते. शहरातल्या गच्चीवरून कृत्तिकेभोवतीची निळसर धूळ टिपणे म्हणूनच इतके अवघड जाते.

दिवे बदलल्यामुळेही गणित बिघडले आहे. जुन्या सोडियमच्या पिवळ्या दिव्यांचा बराचसा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपास, तर पाऱ्याच्या दिव्यांचा काही ठरावीक रेषांत येई. तेवढ्या रेषा गाळणारे स्वस्त फिल्टर त्या काळी उपयोगी पडत. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश मात्र सलग पसरलेला असतो आणि त्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा ठळक उंचवटा असतो. जुने फिल्टर त्यापुढे हतबल ठरले आहेत.

निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो, म्हणून आकाश जास्त उजळते. ख्रिस्तोफर कायबा आणि सहकाऱ्यांनी जानेवारी २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात नागरिकांनी केलेल्या ५१ हजारांहून अधिक निरीक्षणांचा अभ्यास मांडला. २०११ ते २०२२ या काळात आकाशाची चकाकी सरासरी वर्षाला ९.६ टक्क्यांनी वाढली, असा त्याचा निष्कर्ष आहे. हा वेग आठ वर्षांच्या आत दुप्पट होण्याचा. जन्माच्या वेळी जिथून २५० तारे दिसत होते, तिथून मूल १८ वर्षांचे होईपर्यंत सुमारे १०० उरतील. उपग्रहांच्या मोजमापात ही वाढ इतकी दिसत नव्हती, कारण त्यांचे संवेदक ५०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा निळा प्रकाश टिपत नाहीत. यातली बहुतेक निरीक्षणे युरोप-अमेरिकेतली आहेत, भारतातली फारच थोडी. आपल्याकडचे आकाश किती उजळले याचे नीट मोजमाप होणे म्हणूनच गरजेचे आहे.

शरीराचे काय?

डोळ्यात दंडपेशी आणि शंकुपेशींखेरीज तिसरी एक प्रकाशग्राही यंत्रणा आहे, हे २००२ च्या सुमारास स्पष्ट झाले. दृष्टिपटलातल्या काही चेतापेशींमध्ये मेलॅनॉप्सिन हे रंगद्रव्य असते. या पेशींचे मुख्य काम चित्र दाखवणे हे नाही. दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूतल्या जैविक घड्याळाला कळवतात. सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. रात्री असा प्रकाश पडला की मेलॅटोनिन हे संप्रेरक कमी स्रवते आणि झोपेची वेळ पुढे ढकलली जाते.

किती प्रकाशाने हे घडते? २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तरुणांमधले मेलॅटोनिन निम्म्यावर यायला सरासरी २५ लक्सच्या आसपास प्रकाश पुरला. घरातली ट्यूबलाइट सहज त्याहून अधिक उजेड देते. व्यक्ती-व्यक्तींतला फरक मात्र पन्नासपटींहून मोठा निघाला. एकाला दिवा लावून गाढ झोप लागते आणि दुसऱ्याला खिडकीतला दिवाही सलतो, यात ‘नखरे’ नसतात.

इथे अतिशयोक्ती टाळायला हवी. खिडकीतून येणारा पथदिव्याचा उजेड बहुधा काही लक्सचाच असतो. झोपेच्या दृष्टीने रात्री अकरापर्यंत चालू राहणारी घरातली पांढरी ट्यूबलाइट आणि हातातला मोबाइल हे अधिक मोठे गुन्हेगार आहेत. रात्रपाळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवले आहे, पण रात्रपाळी म्हणजे घड्याळ उलटे करणे. तो निष्कर्ष जसाच्या तसा पथदिव्याला लावता येत नाही. बाहेरचा उजेड आणि आजार यांचा संबंध दाखवणारे अभ्यास आहेत, मात्र त्यांतून कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. तरीही खिडकीसमोर हायमास्ट किंवा झगमगते होर्डिंग असलेल्या खोलीत झोपणाऱ्याची, विशेषतः दिवसा झोपेची तडजोड करणाऱ्या रुग्णाची आणि वृद्धाची, तक्रार खरी आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्येच पथदिव्यांसाठी ३,००० केल्विन किंवा त्याहून कमी रंगतापमानाचे, म्हणजे पिवळसर आणि झाकलेले दिवे सुचवले, ते याच विचाराने.

अपघातांचा मुद्दाही जोडलेला आहे. उघड्या, पांढऱ्याशुभ्र दिव्याचा प्रकाश थेट डोळ्यात गेला की नेत्रभिंगात तो विखुरतो आणि समोरच्या दृश्यावर पडदा येतो. मोतीबिंदूची सुरुवात असलेल्यांना याचा त्रास सर्वाधिक. दिवा जितका प्रखर तितका रस्ता सुरक्षित, हा समज म्हणूनच अपुरा आहे. स्त्रियांच्या सुरक्षिततेसाठी रस्ते उजळलेले हवेत, यात वाद नाही. पण त्यासाठी उजेड रस्त्यावर आणि माणसांच्या चेहऱ्यावर पडायला हवा. ढगांवर आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत पडून उपयोग नाही. झगझगीत दिव्याच्या मागची सावली तर उलट अधिक काळी होते.

दिवे बदलताना राहून गेलेली अट

भारतात २०१५ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली एक कोटीहून अधिक पथदिवे एलईडीचे झाले. वीज वाचली, देखभाल सोपी झाली. हा निर्णय योग्यच होता. दिवा बदलताना रंग, झाकण आणि वेळ यांच्या अटी घातल्या असत्या तर हीच बचत आकाश न उजळवता झाली असती. एलईडीचे वैशिष्ट्यच असे की तो मंद करता येतो, पिवळसर घेता येतो आणि हव्या त्या दिशेला वळवता येतो. फ्रान्सने २०१८ च्या अखेरीस काढलेल्या आदेशात बाहेरच्या दिव्यांचे रंगतापमान, वर जाणारा प्रकाश आणि दिवे बंद करण्याच्या वेळा यांवर मर्यादा घातल्या.

आपल्या दाराशीही एक उदाहरण आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले शंभराहून अधिक दिवे खाली तोंड असलेले बसवले गेले. गावे अंधारात गेली नाहीत. उजेड जमिनीवर आला. लडाखमधल्या हानले येथेही असे राखीव आकाश आहे. पण अंधार फक्त अभयारण्यात जपायचा आणि शहरात सोडून द्यायचा, हा तोडगा होऊ शकत नाही. मुंबईचे निरीक्षक वांगणी-नेरळकडे जातात, पुणेकर आणखी लांब सरकतात. ज्याच्याकडे गाडी आणि सुट्टी आहे, त्यालाच आकाश मिळते.

महापालिकेच्या निविदेत चार ओळी वाढवल्या तरी बराच फरक पडेल: ३,००० केल्विन किंवा कमी, वरून झाकलेला दिवा, गरजेपुरतीच तीव्रता आणि मध्यरात्रीनंतर मंद करण्याची सोय. सोसायट्यांना तर निविदेचीही गरज नाही. गच्चीवरचा आडवा लावलेला फ्लडलाइट खाली वळवायला एक पाना पुरतो.

स्मार्ट दुर्बीण घेणाऱ्यांनी तेजोमेघाचे चित्र टाकताना एक ओळ जोडावी: फिल्टर वापरला की नाही, आणि त्या रात्री नुसत्या डोळ्यांनी मृगात किती तारे मोजता आले. १९४४ पासून काम करणाऱ्या पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या हौशी संस्थांची परंपरा आपल्याकडे आहे. अशा संस्था आणि शाळांनी दर हिवाळ्यात अमावस्येच्या सुमारास त्याच गच्चीवरून ही मोजणी केली, तर पाच-सात वर्षांत भारतीय शहरांच्या आकाशाची आज नसलेली नोंद तयार होईल. तिच्यासाठी दुर्बीण लागत नाही. दिवे मालवून अर्धा तास अंधारात बसणे मात्र लागते. महापालिकेकडे दिव्यांची तक्रार घेऊन जाताना ही नोंद कोणत्याही सुंदर छायाचित्रापेक्षा जास्त कामाची ठरेल.